मैदानावरचा अंबाडा

पावसाळा ओसरायला लागला की तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडा स्पर्धांची पत्रकं शाळाशाळांत लागतात आणि खानदेशातल्या कितीतरी घरांत पहाटेचं एक काम वाढतं. पारोळा घ्या, एरंडोल घ्या, साक्री किंवा शिंदखेडा घ्या, चित्र तेच. मुलीला सकाळच्या एसटीनं निघायचं असतं. संघाची हजेरी वेळेवर असते, सर उशीर खपवून घेत नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारात बसलेली, पोरगी पुढ्यात पाटावर. आईच्या दातांत काळ्या पिना धरलेल्या असतात, त्यामुळे तिला बोलता येत नाही. ‘हलू नको’ हे ती गुडघ्यानं सांगते. मधूनच एखादी बट जास्त ओढली जाते आणि ‘माय वं!’ अशी हाक घरभर ऐकू जाते.

दुसऱ्या दिवशी पेपरात जिल्हा पानावर ढाल घेतलेल्या संघाचा फोटो येतो. कप्तानाचं नाव असतं, मार्गदर्शक शिक्षकांचं असतं, संस्थेच्या अध्यक्षांचं तर असतंच. बाराही डोकी एकसारखी चापूनचोपून बांधलेली असतात. ती कोणी बांधली याला बातमीत जागा नसते. हा लेख त्या कामाबद्दल आहे.

आमच्याकडे मुलीचे केस हा एकट्या मुलीचा विषय कधीच नसतो. त्यावर आजीचा हक्क असतो, आत्याचं मत असतं, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांची भीतीही आत्तापासूनच त्या वेणीत गुंफलेली असते. दुसरीकडे मैदानावरचे सर सरळ सांगतात, केस आड येतायत, कापून टाक. घर म्हणतं, खेळ सोडला तरी चालेल, केस कापायचे नाहीत. या ओढाताणीत चांगल्या पळणाऱ्या, चांगल्या पकडी करणाऱ्या मुली सातवी-आठवीत मैदानावरून गळतात. गळण्याची कारणं पुष्कळ असतात, केस हे त्यातलं एक आणि बऱ्याचदा सांगायला सोपं म्हणून पुढे केलेलं. पण जिथे ते खरंच कारण असतं, तिथे वेणी घालून बांधलेला अंबाडा हा घर आणि मैदान यांच्यातला तह आहे. घराचे केस शाबूत राहतात, मैदानाची अडचण दूर होते. माझ्या मते मुलींच्या खेळासाठी बुटांइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि बुटांइतकं लक्ष तिच्याकडे कुणी दिलेलं नाही.

केस कापण्याचा सल्ला देणं सोपं असतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंत कापलेले केस पुन्हा कमरेला पोचायला तीन-चार वर्षं जातात, म्हणजे सहावीत कापलेली वेणी दहावीच्या आसपास परत मिळते. ‘दंगल’ सिनेमात (2016) केसांत माती जाते, उवा होतात अशी सबब पोरी सांगतात आणि बाप थेट न्हाव्याला बोलावतो. थिएटरात लोक हसले. पण तो प्रसंग बघून घरी आलेल्या किती आयांनी मुलीला कुस्तीला पाठवलं असेल, हा प्रश्न मला हसण्यापेक्षा मोठा वाटतो. तो सिनेमा ज्यांच्यावर आहे त्याच फोगाट घराण्यातल्या कुस्तीगीर विनेशचं 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 50 किलो गटात अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं. वजन उतरवायला रात्रभर जे जे केलं त्यात तिचे केसही कापले होते, असं संघाच्या डॉक्टरांनीच सांगितलं. केस कापूनही ते 100 ग्रॅम राहिलेच.

नियमांची पुस्तकं उघडली तर केसांचा विचार तिथे आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूला पकडायचं ते हातापायांना किंवा धडाला. केस यांपैकी कशातच बसत नाहीत, त्यामुळे वेणी धरून खेचणं हा नियमभंग. नियम आहे तो पकडणाऱ्यासाठी. पण सात जणींचा ढीग अंगावर पडल्यावर कुणाची बोटं कुठे अडकली हे पंचांनाही दिसत नाही. अंगाला तेल किंवा गुळगुळीत काही लावायला कबड्डीत मनाई आहे, हेही घरी माहीत असलेलं बरं, कारण तेलानं चपचपीत डोकं मॅटवर आपली खूण सोडून जातं. कराटेत धातूच्या पिना, क्लिप, रिबिनी, मणी सगळं बंद. एका शेपटीला एक-दोन साधी रबरं चालतात. ज्युदोतही लांब केस बांधलेलेच हवेत आणि बांधायच्या रबरात कडक किंवा धातूचा भाग नको. धुळ्या-जळगावात आता गल्लोगल्ली कराटेचे वर्ग आहेत. पांढऱ्या गणवेशात, डोक्याला मोठं लाल फूल लावून आलेली सहा वर्षांची मुलगी आणि ते फूल कुठे ठेवावं या विचारात पडलेले सर, हे दृश्य तिथे नवीन नाही.

म्हणजे एकच अंबाडा सगळीकडे चालत नाही. ते पुढे येईलच. आधी काम कसं होतं ते जवळून बघू.

नऊ-दहा वर्षांची मुलगी आहे. केस कमरेच्या जरा वर, बोअरच्या जड पाण्यानं थोडे राठ झालेले. तेल लावायचं ते आदल्या रात्री, तेही बेतानं. सकाळी लावलेल्या तेलावर पिना टिकत नाहीत आणि आपल्याकडच्या उन्हात ते घामाबरोबर कपाळावरून डोळ्यांत उतरतं. विरळ दातांचा कंगवा घ्यायचा आणि गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं. मुळापासून ओढलं की सगळा गुंता खाली सरकून घट्ट बसतो. मग पोरगी रडते, आई चिडते आणि एसटी चुकते. केस किंचित ओलसर करावेत, चिंब नकोत, कारण भिजलेला केस जास्त ताणला जातो आणि चटकन तुटतो. भुरभुरणाऱ्या बारीक केसांसाठी बाजारातलं जेल लागतंच असं नाही. जवस पाण्यात उकळून गाळलं की जो बुळबुळीत चीक निघतो, तो बोटाला घेऊन फिरवला तरी केस बसतात आणि धुतल्यावर निघूनही जातात. पाण्यातल्या कवायती करणाऱ्या परदेशी जलतरणपटू गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन डोक्याला फासतात. आपलं काम घरातल्या जवसावर भागतं.

अंबाडा नेमका कुठे बसवायचा यासाठी नाच शिकवणाऱ्या बायांची एक जुनी युक्ती आहे. हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकावरून एक तिरकी रेघ मनातल्या मनात मागे न्यायची. ती डोक्याला जिथे भेटेल ती जागा. तिथे केस गोळा करून जाड, कापड गुंडाळलेलं रबर लावायचं. पुड्यांना लावतात ते पिवळं रबर मुळीच नको, ते काढताना केस घेऊनच निघतं.

आता शेपटीचे दोन भाग. प्रत्येकाची तीन पेडांची वेणी अगदी शेंड्यापर्यंत, टोकाला बारीक काळं रबर. पहिली वेणी मुळाभोवती उजवीकडून गुंडाळायची, दुसरी डावीकडून, आणि दोन्हींची टोकं खाली दडपायची. सगळी मेख इथे आहे. केसांना नुसता पीळ देऊन घातलेला अंबाडा दिसतो छान, पण पीळ एका जागी सुटला की सगळाच उलगडतो. वेणीचे पेड एकमेकांत अडकलेले असतात, त्यांना घसरायला जागा नसते. शिवाय एक वेढा उजवा आणि एक डावा असला की मुलगी कुठल्याही अंगावर वळली, तरी एक वेढा दुसऱ्याला धरून ठेवतो.

पिनांचं तंत्रही शिकण्यासारखं आहे. यू पिनेनं आधी अंबाड्याच्या कडेची वेणी पकडायची, मग डोक्यालगतचे थोडे केस, आणि मग पिन उलटी फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे आत दाबायची. सरळ खुपसलेली पिन पहिल्या उडीला बाहेर येते. काळ्या चपट्या पिनेची एक बाजू नागमोडी असते, ती डोक्याकडे यायला हवी. बहुतेक जणी ती वर ठेवतात आणि मग पिनाच आजकाल हलक्या येतात म्हणून दुकानदाराला नावं ठेवतात. पाच-सहा पिना पुरे होतात. ज्या अंबाड्याला वीस लागतात, त्याची वेणीच सैल पडलेली असते. वरून जाळी चढवली की काम झालं. हे सगळं सामान जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या कुठल्याही बांगड्यांच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतं.

मग परीक्षा. पोरीला उड्या मारायला लावायच्या, ओणवं होऊन डोकं झटकायला लावायचं. भुवया वर ओढल्यासारख्या दिसल्या किंवा ती सारखी कपाळाला हात लावू लागली, तर सगळं सोडून पुन्हा घालायचं. इथे कंटाळा करणाऱ्या आईला दुपारी डोकेदुखीचा फोन येतो.

ज्या खेळात धातू चालत नाही, तिथे हा अंबाडा बाद. कबड्डी, कराटे, ज्युदो, कुस्ती यांसाठी सागरवेणी घालावी. कपाळापासून सुरुवात करून प्रत्येक पेडात बाजूचे थोडे थोडे केस घेत मागे जायचं. मधोमध भांग पाडून अशा दोन सागरवेण्या मानेपर्यंत आणायच्या, तिथे एकमेकींत गुंफून लहानसा, चपटा बुचडा करायचा आणि पिनेऐवजी काळ्या दोऱ्यानं किंवा मऊ रबरानं बांधायचा. हिचा दुहेरी फायदा. एक तर सबंध डोक्याचा भार एका बिंदूवर न येता ओळीनं वाटला जातो. दुसरं म्हणजे समोरचे तोकडे केस, जे उंच अंबाड्यापर्यंत पोचतच नाहीत, तेही वाटेत उचलले जातात. खो-खोत साखळी घेत पळणाऱ्या किंवा खांबावर सूर मारणाऱ्या मुलीला दुसरं काही घालूच नये. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवून तो जिंकला. त्यानंतर लहान मुलींना खो-खोला घालण्याची चौकशी वाढली असेल, तर त्या आयांनी सागरवेणीही शिकून घ्यावी.

जिम्नॅस्टिक्स आणि योगासनांत जागेचाच प्रश्न येतो. कोलांटीत डोक्याचा मागचा भाग जमिनीवरून फिरतो, तिथे अंबाडा असेल तर मान वाकडी होते. शीर्षासनात टाळूवरचा अंबाडा घात करतो. दोरीच्या मल्लखांबावर सुटी वेणी म्हणजे सरळ धोका, कारण दोरी अंगाभोवती आवळली जाते तेव्हा मधे सापडलेले केस ती सोडत नाही. स्केटिंग आणि सायकलिंगमध्ये हेल्मेट नीट बसायला हवं, म्हणून बुचडा मानेशी. अंबाड्यावर तरंगणारं हेल्मेट डोकं वाचवत नाही, नुसती पावती वाचवतं. हिजाब घालून खेळणाऱ्या मुलींनाही मानेजवळचा सपाट बुचडाच सोयीचा पडतो. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं डोकं झाकून खेळायला 2014 मध्ये परवानगी दिली. धुळे-जळगाव-भुसावळच्या शाळांत या मुली आता मैदानावर उतरतात, आणि त्यांच्या आयांची पहाटही अशीच पिना दातांत धरून सुरू होते.

मैदानाचे दिवस संपतात तोवर रंगमंचाचे येतात. गुलाबाईची गाणी आणि नवरात्रातला गरबा आटोपतो, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगं लागतात, मग 26 जानेवारीचं लेझीम. शिवाय गांधर्व महाविद्यालयाच्या कथक-भरतनाट्यमच्या परीक्षा. इथे हिशेब उलटा होतो. मैदानावर केस दिसू नयेत म्हणून बांधायचे, रंगमंचावर दिसावेत म्हणून. लावणीला मानेवर रुळणारा भरदार अंबाडा आणि त्यावर गजरा, भरतनाट्यमला गोंडे लावलेली लांब वेणी आणि भांगाच्या दोन्ही अंगांना सूर्य-चंद्र. बॉबकट असलेल्या मुलीला गंगावन जोडतात. ते तिच्या स्वतःच्या केसांहून जड असतं आणि दुसऱ्या कडव्याला घसरायला लागतं.

रंगमंचावरच्या केशरचनेवर जळगावला थोडा हक्कच सांगता येतो. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा नातेवाइकांकडे राहून शिकायला जळगावात होता, मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यानं इथेच घेतले. 1905 मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत गेला आणि पुढे बालगंधर्व म्हणून त्यानं भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा भूमिका गाजवल्या. त्यांची साडी नेसायची ढब, दागिने, गजरा माळायची तऱ्हा घरंदाज बायका उचलत, असं तेव्हाच्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. एका पुरुषानं बांधलेल्या डोक्याकडे बघून महाराष्ट्रातल्या बायकांनी आपली डोकी बांधली. आज जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. आणि तरी ‘वेणी घालणं हे बायकांचं काम’ असं इथला बाप बिनदिक्कत म्हणतो.

आणखी मागे जायचं तर अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहे. सतराव्या लेण्यात आरसा घेतलेली राजकन्या आणि तिच्या दासी असं प्रसाधनाचं प्रसिद्ध चित्र आहे, पाचव्या शतकातलं. सहलीला गेलेल्या मुलींना तिथे बुद्धाच्या जातककथा सांगाव्यातच, पण चित्रांतली डोकीही दाखवावीत. मानेवरचे, कलते, फुलं माळलेले अंबाडे बघून मुली आपण होऊन थांबतात. आणि चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर एखादी जुनी बंजारा आजी भेटली, तर तिच्या कानशिलावरच्या केसांत गुंफलेल्या चांदीच्या टोपल्या-घुगऱ्या बघाव्यात. इतका भार घेऊन ती बाई शेतात राबली आहे.

आता तक्रारीची बाजू. घट्ट म्हणजे चांगलं हा समज आपल्या हाडात भिनलेला आहे. सतत ओढून बांधलेल्या केसांनी कपाळाची आणि कानशिलांची कड विरळ होत जाते. वैद्यकात या विकाराची पहिली नोंद 1907 ची, ग्रीनलंडमधल्या, केस ताणून शेंडी बांधणाऱ्या बायकांची. लवकर लक्षात आलं आणि ओढणं थांबवलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळंच मरतात. मुळाशी बारीक पुटकुळ्या दिसल्या, कंगवा लावताना दुखू लागलं, की समजावं. म्हणून अंबाडा खेळापुरता ठेवावा. सामना संपला की एसटीत बसल्या बसल्या सोडावा, शेंड्याकडून वर. तो घालून झोपू नये. रोज एकाच जागी बांधू नये. भर उन्हाळ्याच्या शिबिरात घामानं भिजलेले केस तसेच बांधून ठेवले तर डोक्याला खाज आणि वास दोन्ही येतात.

उवांचं सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. गॅदरिंगच्या खोलीत चाळीस मुली आणि दोन कंगवे असतात. ऊ डोक्याला डोकं लागून आणि कंगव्या-टोप्यांतून जाते. डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. तिचा गरिबी-श्रीमंतीशी किंवा स्वच्छतेशी संबंध लावून एखाद्या मुलीला रांगेतून बाजूला काढणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. प्रत्येकीनं आपला कंगवा पिशवीत आणावा, एवढ्यानं बराच प्रश्न मिटतो.

राहिला तो करणाऱ्या हातांचा प्रश्न. आई शेतमजुरीला पहाटेच जात असेल, मुलगी वसतिगृहात असेल, घरात बाईमाणूसच नसेल, तर ही मुलगी सैल पोनी घालून मैदानावर येते आणि सर तिच्यावरच ओरडतात. शिरपूर, चोपडा, यावल भागातल्या आश्रमशाळांच्या मुलींना कुणी घालून देणारं नसतं, म्हणून त्या एकमेकींच्या मागे रांगेनं बसून वेण्या घालतात. पुढची मुलगी तिच्या पुढचीचे केस विंचरते, मागची हिचे. या मुलींना हे कुणी शिकवावं लागत नाही. शिकायला हवं ते सरांनी, बापांनी आणि थोरल्या भावांनी. तीन पेड आलटूनपालटून एकमेकांवर टाकायचे, याला बाईचा जन्म लागत नाही. जनावराचं दावं वळणाऱ्या हाताला ते एका संध्याकाळीत जमेल.

पाचवीनंतर मुलीनं स्वतःची वेणी स्वतः घालावी, हेही हळूहळू व्हायला हवं. हात मागे नेऊन न बघता काम करायला वेळ लागतो, पहिले काही अंबाडे वाकडे होतात. वाकड्या अंबाड्यानंही खेळता येतं.

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती. पुढच्या तालुका स्पर्धेचं पत्रक लागेल तेव्हा गणवेश, बूट, जन्मतारखेचा दाखला यांच्या यादीत ‘स्वतःचा कंगवा, दोन रबरं, काळा दोरा’ अशी एक ओळ वाढवा. प्रथमोपचाराच्या पेटीत जास्तीची दोन-चार रबरं टाकून ठेवा. आणि शिट्टी वाजवण्याआधी मुलींना केस बांधायला दहा मिनिटं द्या.